लाल आहे, पण वास आहे का?

[पहाट. अंधारात गुलाबाची एक कळी.]

हा मधोमध काळा गोळा दिसतोय ना, तो काळा नाहीये, लाल आहे. उजेड कमी असला की आपल्या डोळ्याला लाल रंग काळपट दिसतो, पानांचा हिरवा त्यामानाने बरा कळतो, म्हणून आत्ता पानं दिसतायत आणि कळी म्हणजे नुसती सावली. थांबा जरा, उजेड वाढू दे.

आला बघा लाल.

यात कॅमेऱ्याचाही घोळ आहे बरं का. गडद लाल गुलाब शूट करणं म्हणजे डोकेदुखी असते, लाल इतका भरतो की पाकळ्यांच्या घड्याच गायब होतात आणि फुलाच्या जागी एक डाग दिसतो, म्हणून एक्सपोजर मुद्दाम खाली ओढलंय. प्रत्यक्षात फूल याहून उजळ आहे. आणि प्रत्यक्षात त्याला वास आहे, जो तुम्हाला दाखवायची माझ्याकडे काहीच सोय नाही, त्यामुळे पुढची सगळी बडबड त्या वासासाठी.

[पाकळी, मॅक्रो लेन्स.]

ही पाकळीची वरची बाजू. मखमल म्हणतो ना आपण, ती ही. इथली प्रत्येक पेशी टोकदार आहे, छोट्या शंकूसारखी, आणि अशा शंकूंची दाट गर्दी असली की उजेड त्यांच्यामध्ये अडकतो, सरळ परत फिरत नाही, म्हणून रंग खोल वाटतो. आता तीच पाकळी उलटी करतो. बघा, मागून सपाट, फिकट, एकदम साधी. आणि गंमत म्हणजे वासही पाकळीच्या या पातळ बाह्य थरांतच तयार होतो, वरच्याही आणि मागच्याही, म्हणजे रंग, मखमल आणि वास तिन्ही एका कागदाएवढ्या जाडीत.

[तीन फुलं, शेजारी शेजारी.]

आता हे तिघं, गडद लाल गुलाबाच्या तीन जाती. डावीकडे मिस्टर लिंकन, मधे ओक्लाहोमा, उजवीकडे पापा मेयाँ. सख्खी भावंडं आहेत ही. खरंच सख्खी, तिघांचे आईबाप तेच, क्रायस्लर इम्पीरियल आणि शार्ल मालेराँ या गुलाबाच्या दोन जाती. आणि जन्म मात्र दोन वेगवेगळ्या देशांत! अमेरिकेत स्विम आणि वीक्स या जोडीने हा संकर केला, त्यातून लिंकन आणि ओक्लाहोमा, दोन्ही १९६४ सालचे. फ्रान्समधे आलाँ मेयाँने तोच संकर केला आणि १९६३ ला आपल्या आजोबांच्या नावाने फूल आणलं, पापा मेयाँ. एकाच जोडप्याची मुलं, पण स्वभाव बघा. लिंकन उंच, ताठ, लांब देठाचा, वाढायला लागला की थांबत नाही. ओक्लाहोमाची कळी जवळजवळ काळी, फूल मोठं आणि गोल, उन्हाळा त्याला चालतो, गारठा आणि दमट हवा नाही चालत. आणि पापा म्हणजे लाडावलेलं धाकटं असतं तसं (जन्माने थोरलं असूनही), फुलं मोजकी देणार, भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आधी त्याच्यावर येणार, पण फुललं की बाकी दोघांकडे कोणी बघत नाही.

जरा मागे जाऊ. क्रायस्लर इम्पीरियल १९५२ ची, अमेरिकेत वॉल्टर लॅमर्ट्सने केलेली, नाव चक्क एका मोटारीचं. तिची आजी क्रिमझन ग्लोरी, जर्मनीत कोर्डेसने १९३५ ला आणलेली, म्हणजे आपल्या या तिघांची पणजी. गडद, मखमली, वास असा की अजून लोक तिची आठवण काढतात, फक्त मान कमकुवत. फूल भरलं की मान टाकते. त्या एका कमकुवत मानेपायी पुढे ताठ देठाच्या मागे लोक लागले आणि लिंकनचा हा बांबूसारखा देठ बघितला की वाटतं जमलं त्यांना. हायब्रिड टी गुलाब, म्हणजे लांब देठावर एक मोठं फूल देणारे हे आपले गुलाब, हा सगळा प्रकार मोजतात १८६७ पासून, ला फ्रान्स नावाच्या फुलापासून, आणि ते होतं गुलाबी. त्याचं आमच्याकडे शूटिंग नाही, त्यामुळे पुढे चला.

[फुलदाणीत विकतचे गुलाब.]

हे फुलवाल्याकडचे. सुंदर आहेत, कोण नाही म्हणतंय. सरळ, एकसारखे, दहा दिवस जागचे हलत नाहीत. नाक लावा. काही नाही! या फुलांच्या जाती निवडताना बघितलं काय, तर देठ किती लांब, पेटीत बंद होऊन किती लांबचा प्रवास सोसतं, फुलदाणीत किती दिवस टिकतं, आणि वास कोणी विचारलाच नाही, विचारत नाही म्हटल्यावर तो गेला.

तो जातो म्हणजे नक्की काय होतं हे शोधायला फ्रान्समधल्या संशोधकांनी याच आपल्या पापा मेयाँला बसवलं रूज मेयाँसमोर. तोही लाल, त्याच घराण्याचा, पण वास जवळजवळ नाही. दोघांच्या पाकळ्यांमधे कुठले जीन्स चालू आणि कुठले बंद ते तपासलं, आणि पापामधे एक एन्झाइम भरपूर सापडलं, एनयूडीएक्स-१, जे रूजमधे नावापुरतंच होतं. २०१५ ला हे प्रसिद्ध झालं. मला आवडलेला भाग पुढे आहे, या कुटुंबातली एन्झाइम्स ओळखली जायची पेशीतली साफसफाई करणारी म्हणून, डीएनएमधे खराब माल जाऊ नये म्हणून तो बाजूला काढणारी. आणि गुलाबात त्यातल्याच एकाने वास तयार करायचं काम उचललंय. जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबाच्या वासातला एक मुख्य घटक, तो याच वाटेने बनतो. झाडूवाल्याने अत्तराचं दुकान काढावं तसं झालं हे.

[गच्ची. कुंड्या.]

या फ्रेममधे मागे जो लाल दिसतोय, तो मी लिंकन म्हणून आणला होता. लेबल लिंकनचं होतं. फुलला तेव्हा लाल, ताठ, आणि वास शून्य. कुठून आणला ते सोडा, पण तेव्हापासून फूल असल्याशिवाय आणि ते हुंगल्याशिवाय मी झाड घेत नाही. तेही सकाळी. दुपारी रखरखीत उन्हात वास उडून गेलेला असतो, चांगलं झाडही फुकट बदनाम होतं.

कुंडी चौदा ते सोळा इंच, खाली भोकं नीट मोकळी. माती, कुजलेलं शेणखत, पाणी धरून न ठेवणारं काहीतरी, यात फार शास्त्र नाही. ऊन सहा तास तरी हवं, पण सकाळचं असेल तर उत्तम, कारण गडद रंग ऊन शोषतो आणि हे बघा, ही बाहेरची पाकळी, कडेला जळून काळी कुरकुरीत झालीय. फिक्या फुलांना हे इतकं होत नाही. दुपारी थोडी सावली मिळाली की वाचतं.

[छाटणी.]

हे मी दोन कॅमेऱ्यांनी घेतलंय, त्यामुळे सगळं दाखवणार. आधी मेलेलं लाकूड, मग आतल्या बाजूला एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या, मग कात्री खाली खाली नेत जायची आणि कापाच्या मधला गर पांढरट हिरवा दिसेपर्यंत थांबायचं नाही. तपकिरी दिसला, अजून खाली. तपकिरी, अजून खाली. हा, हा बघा पांढरा. आता डोळा, म्हणजे जिथून नवी फांदी फुटते तो उंचवटा, शोधायचा, बाहेरच्या बाजूला तोंड असलेला, त्याच्या वर पाऊण सेंटिमीटरवर तिरका काप. जास्त ठेवलं तर वर उरलेला तुकडा वाळतो आणि ते वाळणं खाली उतरतं, अगदी खेटून कापलं तर डोळाच जातो. हात थरथरतो सुरुवातीला, माझाही थरथरला होता, तो भाग एडिटमधे गेला.

इथून साधारण सहा ते आठ आठवड्यांनी फूल. मधे एक काम, मुख्य कळीच्या बगलेत मुगाएवढ्या कळ्या येतात त्या नखाने खुडायच्या. अशा. जीव तुटतो, पण सगळ्या ठेवल्या तर सगळ्याच बारक्या राहतात.

भुरी, काळे ठिपके, मावा, फुलकिडे हे सगळं येतं, पानांवर पाणी मारू नका, हवा खेळती ठेवा. माझा पापा मुळं कुजून गेला, पुढे.

[बडिंग, म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्यावर बांधणं. हात, चाकू, खुंट.]

जाण्याआधी त्याचा एक डोळा काढून घेतला होता, तो हा. पानाचं देठ अर्धं कापून तेवढाच तुकडा धरायला ठेवलाय, मूठ असते तशी. खाली जंगली गुलाबाचा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर हा डोळा वाढणार ते झाड, त्याच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखा काप. साल दोन्हीकडे हलकेच उघडायची, आतली ओली बाजू दिसतेय, आणि डोळा वरून सरकवायचा. उलटा नाही, डोळ्याचं तोंड वर. आता टेप, खालून वर, घट्ट पण गळा आवळल्यासारखी नाही, डोळा तेवढा उघडा. एवढं सगळं दीड मिनिटात झालं पाहिजे, वाळला की संपलं. मला चार मिनिटं लागली.

मग वाट बघायची. खुंटाला खालून येणारे स्वतःचे फुटवे काढत राहायचे, कापून नाही, मुळाशी धरून ओढून, नाहीतर जंगली जोर करतो आणि वरचा डोळा उपाशी.

[अठरावा दिवस. क्लोजअप.]

देठाचा तो तुकडा वाळून तिथेच चिकटून बसला तर डोळा गेला समजायचं. पिवळा पडून बोट लावल्याबरोबर गळला, तर लागला.

बोट लावतोय.

गळला. खाली डोळा हिरवा आहे. टेप अजून आठवडाभर राहू दे.