रेडिओ रूममधला माणूस

(नागपुरात आपत्ती-मदत स्वयंसेवकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, 27 ऑक्टोबर 2023 च्या संध्याकाळी गाझात फोन आणि इंटरनेट जवळजवळ पूर्ण बंद पडले. पॅलेस्टाइन रेड क्रेसेंट म्हणजे रेड क्रॉसच्या परिवारातली तिथली मदत संस्था. तिचा तिथल्या आपल्याच नियंत्रण कक्षाशी संपर्क तुटला. जखमींच्या घरच्यांना 101, म्हणजे तिथला अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर, लागेना. अ‍ॅम्ब्युलन्स होत्या, चालक होते, पण जायचं कुठे हे कळायला मार्ग नव्हता. स्फोटाचा आवाज येईल त्या दिशेने गाड्या काढाव्या लागल्या.

म्हणून युद्धक्षेत्रात मोबाइलच्या भरवशावर माणसं पाठवायची नाहीत. व्हीएचएफ, म्हणजे अतिउच्च फ्रिक्वेन्सीचा, वॉकीटॉकी साधारण नजरेच्या टप्प्यात चालतो. सीताबर्डीच्या टेकडीवर रिपीटर, म्हणजे आलेला संदेश पुन्हा पुढे पाठवणारं यंत्र, बसवला तर शहराचा बराच भाग सांभाळता येईल, पण गाडी गडचिरोलीच्या वाटेला लागली की तो संपला. पुढे एचएफ, म्हणजे त्याहून कमी फ्रिक्वेन्सीचा लांब पल्ल्याचा रेडिओ, लागतो. त्याच्या लहरी आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात, मध्ये एकही टॉवर नको. जोडीला सॅटेलाइट फोन. संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत हे काम बघणाऱ्या गटाचं नेतृत्व जागतिक अन्न कार्यक्रमाकडे आहे. मला ते फार रास्त वाटतं, कारण धान्याचा ट्रक कुठे अडला हे आधी त्यांनाच कळायला हवं.

यंत्रं विकत मिळतात हो. खरी मदार रेडिओ रूममध्ये बसलेल्या माणसावर. ताफा निघाला की तो वहीत लिहितो: कॉल साइन (रेडिओवर गाडीला पुकारायचं नाव), गाडीत माणसं किती, रस्ता कोणता, कुठल्या नाक्यावर किती वाजता पोचणार. ठरल्या वेळी आवाज आला नाही तर पुन्हा पुकारतो, मग एचएफवर, मग सॅटेलाइट फोनवर. तरीही उत्तर नाही, तर साहेबांना झोपेतून उठवतो. हा माणूस बहुतेक वेळा स्थानिक असतो. त्याचं स्वतःचं घरही त्याच गोळीबाराच्या टप्प्यात असतं. मदतकार्याच्या बातम्यांत त्याचं नाव क्वचितच येतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि बोलायचं कसं, हेही शिकावं लागतं. साध्या व्हीएचएफवरचं बोलणं दोन्ही बाजूंचे सैनिक ऐकू शकतात. रणगाडे किती दिसले, तोफा कुठे लावल्यात, हे चुकूनही सांगायचं नाही. सांकेतिक शब्द बनवायचे नाहीत, त्याने हेरगिरीचा संशय येतो. साधं, स्वच्छ, थोडक्यात बोलायचं. एका वाक्याने तटस्थता गेली, तर पुढच्या नाक्यावर डॉक्टरांची गाडी अडते.

परवान्यांचा त्रास वेगळाच. वायरलेस सेट देशात आणायचे म्हणजे सीमाशुल्क, फ्रिक्वेन्सीची मंजुरी आणि सरकारचा संशय. मदतकार्यातले हे अडथळे कमी व्हावेत म्हणून 1998 मध्ये टाम्पेरे करार हा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2005 मध्ये तो लागू झाला. पण सरकारचा होकार लागतोच, आणि लढाई पेटल्यावर तो मागत बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

आपल्या नागपुरात 1957 पासून आपत्ती-मदतीचं केंद्रीय प्रशिक्षण चालतं. इथल्या तरुणांनी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी वायरलेसच्या परवान्याची, परीक्षा द्यावी, एचएफवर कान बसवावा, असं मला फार वाटतं. दोन सेट आणलेत. पुढे या, हातात घ्या, आणि आधी नुसतं ऐका.