वास येतोय, पण आपल्यालाच कळत नाही

घरातला कुठलाही छोटा चमचा घ्या. तो उलटा धरायचा, जिभेवर जमेल तितका मागे न्यायचा, उमासा येईल इतका नाही, आणि हळूच पुढे ओढायचा. आता चमच्यावर काय आलंय ते बघा, पांढरट पिवळसर चिकट थर आहे ना? पाच-दहा सेकंद थांबा आणि मग चमचा नाकाजवळ न्या. आपण बोलताना समोरच्याला जो वास येतो तो बराचसा इथूनच येतो.

पहिल्यांदा हे करून बघितलं की बहुतेकांना धक्काच बसतो, कारण आपण रोज ब्रश करतो, दात स्वच्छ दिसतात, मग हे कुठून आलं? आणि इतके दिवस आपल्याला कळलं कसं नाही? तर नाकाचं असं आहे की जो वास सतत येत राहतो तो ते काही वेळानं नोंदवायचंच बंद करतं. त्यामुळे तोंडासमोर हात धरून फुंकर मारून बघण्यात फारसा अर्थ नाही. चमचा नको वाटत असेल तर मनगट चाटा, सुकू द्या आणि वास घ्या, किंवा मागच्या दाढांमधून फ्लॉस फिरवून त्या दोऱ्याचा वास घ्या. दोऱ्याची टेस्ट मला जास्त खरी वाटते, त्यात कुठल्या फटीत गडबड आहे तेही कळतं.

आता कॅमेरा जिभेच्या अगदी जवळ नेऊया. लांबून गुळगुळीत दिसणारी जीभ जवळून जाड गालिच्यासारखी दिसते, सगळीकडे बारीक बारीक उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खाचा. मागच्या भागात या खाचांच्या तळाशी ऑक्सिजन जवळपास पोचत नाही आणि तिथेच बिनाऑक्सिजनचे बॅक्टेरिया मजेत राहतात. अन्नाचे कण, तोंडातल्या मेलेल्या पेशी, नाकामागून घशात उतरणारा शेंबूड, या सगळ्यातली प्रथिनं ते फोडतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. एक हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यासारखा, आणि दुसरा मिथाइल मर्कॅप्टन, कुजलेल्या कोबीसारखा.

हे तोंडातले जीव पहिल्यांदा नीट बघितले ते नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापड व्यापाऱ्यानं, अँटनी व्हॅन लीवेनहूक त्याचं नाव. 1683 साली त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला पत्र लिहून कळवलं की दातांमध्ये साचलेला पांढरा थर मी भिंगाखाली धरला तर त्यात असंख्य बारीक जीव वळवळताना दिसले. आणि हा माणूस रोज सकाळी मिठानं दात घासणारा होता बरं का! म्हणजे बॅक्टेरिया सगळ्यांच्याच तोंडात असणार, प्रश्न फक्त त्यांना साचायला किती जागा आणि किती वेळ मिळतो एवढाच आहे.

त्यांना आवरून धरते ती लाळ. दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि तोंड सारखं धुतलं जातं, पण झोपेत ती जवळजवळ थांबते म्हणून सकाळी उठल्या उठल्या सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो, त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्यांना, घोरणाऱ्यांना तो जास्त येतो. ॲलर्जीच्या, डिप्रेशनच्या आणि ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी पण तोंड कोरडं पडतं, अशा वेळी गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. तोवर घोट घोट पाणी प्या, बिनसाखरेचं च्युइंगम चघळलं तरी लाळ सुटते.

पोट साफ नाही म्हणून तोंडाला वास येतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि मग माणसं वर्षानुवर्षं चूर्णं घेत बसतात. पोटातून वास येत असेल असे लोक अगदी थोडे, अन्ननलिका एरवी मिटलेली असते. बहुतेक वेळा मूळ तोंडातच सापडतं, नाहीतर टॉन्सिलच्या खड्ड्यात अडकलेल्या पांढऱ्या खड्यांमध्ये किंवा सायनसमध्ये. लसणाचं मात्र वेगळं आहे, त्यातला एक घटक रक्तात उतरतो आणि फुप्फुसातून श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून कितीही ब्रश केला तरी तो वास तासन् तास जात नाही.

हिरड्यांकडे मात्र खरंच लक्ष द्या. ब्रश करताना रक्त आलं की आपण त्या जागी ब्रश लावायचाच सोडतो, मग तिथे थर वाढतो, त्याचा दगडासारखा टार्टर होतो आणि हिरडी दातापासून सुटून खोल खिसा तयार होतो. तो टार्टर घरी निघत नाही, डेंटिस्टकडून स्केलिंगच करून घ्यावं लागतं.

बाकी रोजचं काम साधं आहे. दोनदा दोन-दोन मिनिटं फ्लोराइडच्या पेस्टनं ब्रश, रात्रीचा अजिबात चुकवायचा नाही, दिवसातून एकदा फ्लॉस, आणि जीभ मागून पुढे हलक्या हातानं साफ करायची, रक्त येईपर्यंत खरवडायची नाही. कवळी असेल तर रात्री काढून घासून ठेवा. सिगारेट, तंबाखू सुटल्याशिवाय यातलं काहीच पुरं पडणार नाही. माउथवॉशनं वास थोडा वेळ झाकला जातो, अल्कोहोलवाल्यानं तर तोंड आणखी कोरडं पडू शकतं, आणि क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असलेलं डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस वापरा, जास्त वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात.

काही वास घाई करायला लावणारे असतात. डायबेटिसच्या माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, सोबत उलट्या आणि धाप, तर तडक हॉस्पिटल गाठा. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत मणी, स्पंजचा तुकडा असं काहीतरी अडकलेलं असू शकतं, घरी चिमट्यानं काढायला जाऊ नका. आणि काही जणांना वास येत नसतानाही येतोय असं सारखं वाटत राहतं, ती माणसं बोलणं टाळतात, तोंडावर हात ठेवतात. त्यांचा त्रासही खराच असतो, त्यांना हसू नका.

मला माझ्या ताईनं सांगितलं होतं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग डेंटिस्टकडे गेले तर अर्धवट बाहेर आलेली अक्कलदाढ निघाली, तिच्यावर हिरडीची झाकणासारखी एक पाळ होती आणि त्याखाली अन्न जाऊन कुजत होतं, मला पत्ताच नव्हता. ऑफिसमधल्या लोकांना महिनोनमहिने वास येत असणार, कोणी एक शब्द बोललं नव्हतं. ताईनं मला गच्चीवर एकटीला गाठलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अगं, तुला कळत नसेल म्हणून सांगते, रागावू नकोस, थोडे दिवस झाले तुझ्या तोंडाला वास येतोय. उद्या दाखवून येऊ, मी येते तुझ्याबरोबर."