निळ्या वर्तुळांचा पेला

तुमच्यासमोर पांढऱ्या चिनीमातीचा पेला आहे. त्याच्या तळाशी दोन निळी वर्तुळं दिसतील. जपानीत त्यांना ‘जानोमे’ म्हणतात, म्हणजे सापाचा डोळा. साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, ओतली की आधी बघायचं. निळ्या रेघेची कड पुसट दिसली तर साके गढूळ आहे. पांढऱ्यावर पिवळसर झाक दिसली तर मात्र लगेच नाक मुरडू नका. साकेला मुळात थोडा रंग असतोच. पुष्कळ ठिकाणी तो कोळशाने गाळून काढतात.

आता घोट घ्या, अगदी लहान, आणि फुर्र आवाज करून. बशीतला चहा फुरके मारत पिणाऱ्यांना आपण हसतो, पण इथे तीच रीत. हवेबरोबर वास टाळूमागून नाकात चढतो. मग थुंकायचं. साकेत १५-१६ टक्के अल्कोहोल असतं, वीस पेले चाखणाऱ्याने गिळून कसं चालेल?

केळ्याचा, सफरचंदाचा वास आला ना? आत फळ औषधालाही नाही. तांदूळ, पाणी, कोजी नावाची बुरशी आणि यीस्ट, बस्स. तो वास यीस्टची करामत. दाण्याच्या बाहेरच्या थरातली चरबी आणि प्रथिनं त्याच्या आड येतात, म्हणून तांदूळ सडतात, म्हणजे घासून वरचे थर काढतात. सडून ६० टक्के किंवा त्याहून कमी दाणा उरला तर ती साके गिंजो, ५० किंवा कमी उरला तर दाइगिंजो. निम्मा तांदूळ भुशात! माझ्या आजीने हे ऐकलं असतं तर जपान्यांची खैर नव्हती.

जपानात कोबे शहराजवळच्या ‘नादा’ भागातलं पाणी जड. त्यातल्या क्षारांवर यीस्ट जोमाने वाढतं. हिरोशिमाचं पाणी हलकं, तिथे आंबवण रेंगाळायचं. मिउरा सेनझाबुरो या साकेवाल्याने पाण्याला दोष देत बसण्याऐवजी कोजी नीट मुरवली, थंडाव्यात सावकाश आंबवलं आणि १८९८ मध्ये ती कृती छापून सगळ्यांना दिली. धंद्याचं गुपित असं वाटून टाकणारा माणूस मला फार आवडतो. आजच्या गिंजोची वाट तिथूनच निघते.

तरीही स्पष्ट सांगतो, गिंजोच्या वासाचं मला कौतुक आहे, पण जेवणाबरोबर तो मध्येमध्ये बोलतो. जेवताना मला साधी जुनमाई हवी, वरून अल्कोहोल न घातलेली, आणि तीही गरम करून. ‘गरम करतात ती हलक्या दर्जाची साके’ हा गैरसमज आहे. जपानीत तापमानागणिक वेगळं नाव आहे: ३० अंशांना ‘उन्हातली’, ३५ ला ‘माणसाच्या अंगाइतकी’, ४० ला ‘नुरुकान’, ५० ला ‘आत्सुकान’. मघाशी थंड असताना हीच जुनमाई तुम्हाला मुकी वाटली होती.

ही सुरई गरम पाण्यात ठेवली होती. तळाला बोट लावून बघा, चटका नाही, ऊब आहे. चाळीसच्या आसपास असावी. डावीकडून सुरुवात करा, आणि हा घोट थुंकू नका.