ताइशान: सम्राटांचा डोंगर आजीचा कसा झाला

मंडळी, चीनमधल्या पवित्र पर्वतांचा विषय काढला की याद्याच सुरू होतात. चार दिशांचे चार आणि मधला एक, असे पाच महापर्वत. बौद्धांचे चार निराळे: वूताइशानावर मंजुश्री, अमेइशानावर समंतभद्र, पूतोशान बेटावर अवलोकितेश्वर, ज्यूह्वाशानावर क्षितिगर्भ. ताओपंथीयांचे आणखी वेगळे. सगळ्यांना धावती भेट द्यायची तर तास निघून जाईल आणि हाती नावांपलीकडे काही उरणार नाही. म्हणून आज मी एकाच डोंगराविषयी बोलणार आहे. शांडोंग प्रांतातला ताइशान.

उंचीने तो फार नाही, साधारण 1,500 मीटर. पण पाचांत पहिला मान त्याचा, कारण तो पूर्वेचा. सूर्य पूर्वेला उगवतो, म्हणून जन्म पूर्वेचा. आणि जिथून जन्म येतो तिथेच आयुष्याचा हिशेब असणार, म्हणून मृत्यूही तिथलाच. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीतल्या थडग्यांत सापडलेल्या मजकुरांत ही वाटणी चक्क लिहिलेली आहे: जिवंत माणसे पश्चिमेच्या छांगआनच्या ताब्यात, मेलेली पूर्वेच्या ताइशानच्या ताब्यात. छांगआन ही राजधानी. एकीकडे सम्राटाचे दप्तर, दुसरीकडे या डोंगराचे. असा डोंगर सम्राटांना स्वस्थ बसू देणे शक्यच नव्हते.

ज्याला वाटे की आपल्याला आकाशाने राज्य दिले आणि आपण ते नीट चालवून दाखवले, तो सम्राट इथे येऊन दोन विधी करी. माथ्यावर आकाशासाठी, पायथ्याच्या टेकडीवर पृथ्वीसाठी. दोन्ही मिळून फंगशान. इ.स.पू. 219 मध्ये चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग आला. त्याने विद्वानांना विचारले, विधी कसा करायचा? ते म्हणाले, जुने राजे रथाच्या चाकांना लव्हाळे गुंडाळून वर जात, म्हणजे डोंगराची माती, दगड आणि झाडे दुखावत नसत. सम्राटाने त्यांना बाजूला सारले, रस्ता काढायला लावला आणि वर गेला. वाटेत वादळी पावसाने गाठले. एका मोठ्या झाडाखाली आसरा घ्यावा लागला. त्या झाडाला त्याने सरकारी हुद्दा बहाल केला. मला या कथेत जास्त जवळचे वाटतात ते लव्हाळे गुंडाळायला सांगणारे विद्वान. त्यांच्या लेखी डोंगराला दुखते.

पुढे इ.स.पू. 110 मध्ये हान सम्राट वू आला. शेवटची चढण त्याने एकाच तरुण सरदाराला बरोबर घेऊन केली, आणि वर काय घडले ते गुप्त ठेवले. तो तरुण थोड्याच दिवसांत अचानक आजारी पडून गेला. याच विधीला हजर राहता आले नाही म्हणून दरबारचा इतिहासकार सिमा थान खंतावून मरण पावला. मरताना आपला अपुरा इतिहास पुरा करण्याचे वचन त्याने मुलाकडून घेतले. तो मुलगा म्हणजे सिमा छ्यान, ज्याने चीनला त्याचा पहिला मोठा इतिहास दिला.

आता 666 सालाकडे येऊ. थांग सम्राट गाओचोंगच्या लवाजम्यात कोरियापासून इराणपर्यंतचे पाहुणे होते, भारतातलेही होते. पण त्या वर्षीची खरी गोष्ट सम्राज्ञी वू हिची. पृथ्वीच्या विधीत पृथ्वीबरोबर दिवंगत सम्राज्ञींनाही मान दिला जाई, आणि दुसरे अर्पण मात्र पुरुष मंत्री करीत. वू म्हणाली, स्त्रियांची सेवा परक्या पुरुषांनी करावी हे रीतीला धरून नाही. ते अर्पण मी करीन. सम्राटाने मानले. जरीचे पडदे धरले गेले, राजवाड्यातल्या स्त्रिया पुढे झाल्या, आणि मंत्री लांबून पाहत आपापसांत हसत राहिले. हीच वू पुढे स्वतःच्या नावाने राज्य करणारी चीनची एकमेव स्त्री सम्राट झाली. मंत्री हसले खरे, पण या डोंगरावर बायकांचा हक्क पहिल्यांदा उघडपणे मांडला गेला तो त्या दिवशी, असे मी मानतो.

725 मध्ये सम्राट श्वानचोंगने गुप्ततेचीच चाल मोडली. आधीच्या राजांनी प्रार्थनेचा मजकूर का लपवला, असे त्याने विचारले. उत्तर मिळाले की कुणी दीर्घायुष्य मागत, कुणी अमरत्व, म्हणून. तो म्हणाला, मी प्रजेसाठी मागतो आहे, मला लपवायचे काही नाही. पुढच्या वर्षी त्याचा लेख माथ्याजवळच्या कड्यावर कोरला गेला. जवळजवळ हजार अक्षरे, सोनेरी रंगाने भरलेली. ती आजही तिथे उन्हात चमकतात.

आणि मग 1008. सोंग सम्राट चनचोंग. तीन वर्षांपूर्वी त्याने उत्तरेच्या ल्याओ राज्याशी तह केला होता आणि दरवर्षी 1 लाख ल्यांग (चिनी वजन) चांदी आणि 2 लाख ठाण रेशीम देण्याचे कबूल केले होते. ती नामुष्की धुऊन काढायची होती. राजधानीत ‘आकाशातून आलेले’ लेख सापडले आणि त्यांच्या जोरावर तो ताइशानवर गेला. हा शेवटचा फंगशान. त्याच्यानंतर एकाही सम्राटाने हा विधी केला नाही.

पण त्याच फेरीत आणखी एक गोष्ट घडली. माथ्याजवळच्या एका कुंडापाशी एका देवकन्येची भंगलेली दगडी मूर्ती होती. चनचोंगने तिच्या जागी जेड पाषाणाची नवी करवून बसवली. त्याच्या दृष्टीने ही किरकोळ डागडुजी असावी. पण त्याच्या नजरेतून निसटलेली ती देवीच पुढे साऱ्या डोंगराची मालकीण झाली. तिचे नाव बीश्या युआनजून. लोक तिला ताइशानची आजी म्हणतात.

ती कोण, याच्या कथा एकमेकींशी जुळत नाहीत. कुणी तिला पर्वतदेवाची मुलगी म्हणतात, कुणी तपाने सिद्ध झालेली गावातली पोर. जुन्या धर्मग्रंथांना ती ठाऊकच नाही, आणि मिंग काळातल्या (चौदावे ते सतरावे शतक) अनेक पंडितांना याचा मनापासून त्रास होई. बायाबापड्यांना झाला नाही. तिच्या एका बाजूला मूल देणारी देवी, दुसऱ्या बाजूला दृष्टी देणारी. शेतकऱ्याच्या घरी जे मागितले जाते तेच इथे मिळत होते. तिचे मंदिर शिखराच्या किंचित खाली आहे. वारा असा की मातीची कौले टिकत नाहीत, म्हणून मुख्य देवळावर काशाची कौले आहेत आणि बाजूच्या दालनांवर लोखंडाची.

सतराव्या शतकात झांग दाई नावाचा लेखक इथे येऊन गेला. त्याने पाहिलेले मी थोडे सविस्तर सांगतो. पायथ्याच्या धर्मशाळा म्हणजे लहान गावेच. यात्रेकरूंच्या ऐपतीप्रमाणे जेवणाच्या प्रती, नाटकाची सोय, आणि डोंगर उतरून आल्यावर मेजवानी. मेजवानी अभिनंदनाची! आजीला भेटून आलात, आता नोकरी मागितली असेल तर नोकरी मिळालीच, मुलगा मागितला असेल तर मुलगा झालाच, असे धरूनच चालायचे. वर देवळात, ज्याला मूल झाले त्याने चांदीचे छोटे बाळ वाहायचे. ज्याचे डोळे बरे झाले त्याने चांदीचा डोळा. इथे बसलेल्या कुणी आपल्या गावच्या देवीला चांदीचे डोळे वाहिले असतील, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. नाणी आणि दागिन्यांचा ढीग गाभाऱ्यात साचत जाई. सरकारलाही ते दिसत होतेच. 1516 पासून यात्रेकरूंवर रीतसर कर बसवला गेला.

ही यात्रा उभी राहिली ती गावोगावच्या यात्रा-मंडळांवर. वर्षभर थोडे थोडे पैसे साठवायचे, वसंतात एकत्र निघायचे, सुमारे सात हजार पायऱ्या चढायच्या. शेवटची ‘अठरा वळणे’ जवळजवळ सरळ उभी आहेत. या मंडळांत बायका खूप होत्या. घराबाहेर पडायला त्यांना एरवी फारशी सबब नसे. आजीला भेटायला जाते म्हटल्यावर घरच्यांना अडवणे जड जाई. मला वाटते, डोंगर सम्राटांच्या हातून आजीच्या हाती गेला तो या सबबीमुळे.

1931 मध्ये पायथ्याच्या हाओली टेकडीवर सैनिकांना खोदताना श्वानचोंग आणि चनचोंग यांच्या पृथ्वीविधीच्या जेड पट्ट्या सापडल्या. देश बदलत त्या आज तैपेच्या संग्रहालयात काचेमागे आहेत. ताइशानच्या वाटेवर दुसरेही लेख आहेत, ज्यांच्याकडे अभ्यासक फार उशिरा वळले. मिंग-छिंग काळातल्या यात्रा-मंडळांनी उभारलेल्या शिळा. त्यांवर वर्गणी देणाऱ्यांची नावे आहेत आणि बायकांना स्वतःचे नाव नाही: सासरचे आडनाव, माहेरचे आडनाव, बस्स. वांगांच्या घरची, लीची लेक. झांगांच्या घरची, ल्यूची लेक. श्वानचोंगचा कडा पाहायला गर्दी होते. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलात तर केबल कारने वर जाऊ नका, पायऱ्यांनी जा, आणि वाटेत या शिळांपाशी थांबून नावे वाचा.