डौरोच्या उतारावरचं घर

[पहाट. नदीवर धुकं. रेल्वेच्या चाकांचा आवाज.]

पोर्तोहून सुटलेली ही गाडी पहिला तासभर कुठल्याही लोकलसारखी धावते. उपनगरं, गोदामं, कोबीचे वाफे. मग एका वळणावर उजव्या हाताला नदी येते, आणि तिथून पुढे ती खिडकी सोडत नाही.

ही डौरो. उगम स्पेनच्या डोंगरात. जवळपास ९०० किलोमीटर वाहून ती पोर्तोपाशी अटलांटिकला मिळते. पोर्तुगालमधलं तिचं हे वरचं खोरं म्हणजे पोर्ट या गोड, कडक वाइनचं माहेर.

[स्टेशनच्या भिंती. निळ्या-पांढऱ्या फरशा, जवळून.]

पिन्याव, याच खोऱ्यातलं नदीकाठचं गाव. रेल्वे इथे पोचली १८८० मध्ये. स्टेशनच्या भिंतीवरची ही फरश्यांची चित्रं १९३७ सालची. नीट बघा. खुडणी करणाऱ्या बायका, पाठीवर टोपली घेऊन उतरणारे गडी, सपाट बुडाच्या रबेलो होड्या. वाइनची पिंपं याच होड्यांतून खाली, पोर्तोसमोरच्या व्हिला नोव्हा दे गायाच्या वखारींपर्यंत जायची. तेव्हाची डौरो खडकांतून उसळत जाणारी, होड्या गिळणारी नदी होती. आज दिसतंय ते संथ पाणी गेल्या शतकात बांधलेल्या धरणांनी अडवलेलं आहे.

आणि प्रत्येक चित्राच्या मागे डोंगर, डोंगरावर आडव्या रेघा. आम्ही आलो आहोत ते त्या रेघांसाठी.

[चढाची वाट. ऑलिव्हची झाडं. दूरवर पांढरं घर.]

घराची वाट चढाची आहे. एका अंगाला सलग दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला द्राक्षाचे उघडे बुंधे. फेब्रुवारी संपत आलाय. वेलीवर एक पान नाही. छाटणी उरकली आहे, छाटलेल्या काड्यांच्या मोळ्या बांधाला टेकवून ठेवल्या आहेत. पाहुण्यांची गर्दी असते सप्टेंबरात, खुडणीच्या दिवसांत. आम्ही मुद्दाम या दिवसांत आलो, कारण पानं गळल्यावरच या डोंगराची हाडं दिसतात.

मळा आणि त्यातलं घर मिळून जे होतं त्याला इथे 'किंता' म्हणतात. हे घर दुमजली आहे. खाली वाइनची कोठी, वर राहत्या खोल्या, टोकाला एक लहानसं चॅपल. चुन्याने रंगवलेल्या भिंती, कौलारू छप्पर. घराचे मालक इथेच राहतात आणि मोजक्या खोल्या पाहुण्यांना देतात. ज्या घरांना ऐतिहासिक किंवा वास्तू म्हणून मोल आहे, त्यांत अशी मुक्कामाची सोय करण्यासाठी पोर्तुगालच्या कायद्यात वेगळा वर्गच आहे. तशा घरांच्या मालकांनी १९८३ मध्ये 'तुरिहाब' ही संघटनाही उभी केली.

[मोठी लोखंडी किल्ली. दार. लाकडी जिना.]

किल्ली हातभर नसली तरी वीतभर आहे. खोलीत टीव्ही नाही. खिडकीपाशी मात्र थांबा. भिंत इतकी जाड आहे की तिच्या जाडीतच समोरासमोर दोन दगडी बैठका कोरल्या आहेत. दोन माणसांनी गुडघ्याला गुडघा लावून बसावं, उजेडात शिवणटिपण करावं, बोलत राहावं, एवढ्यासाठी. दगडाची कड बसून बसून गोलसर झाली आहे. त्या कडेवरून हात फिरवला की किती पिढ्या इथे बसून गेल्या असतील ते बोटांना कळतं.

[रात्र. शेकोटी. मग काळोख.]

[सकाळ. स्वयंपाकघर.]

न्याहारी स्वयंपाकघरातच. लांब लाकडी टेबल, पाव, बकरीच्या दुधाचं चीज, क्विन्स या आंबट फळाचा घट्ट जॅम, अंगणातल्या झाडाची संत्री. ऑलिव्हचं तेल बिनलेबलाच्या बाटलीतून येतं, कारण ते समोरच्या बांधावरचं आहे. द्राक्षं लावून उरलेल्या कडेकपारीला ऑलिव्ह, त्याहून कोरड्या जागी बदाम, हा इथला जुना हिशोब. बदाम आत्ता फुलावर आहेत.

[बदामाची पांढरी-गुलाबी फुलं. कॅमेरा हळूहळू खाली, कोठीच्या दारापाशी.]

खाली कोठीत अंधार आणि गारवा. हे चौकोनी हौद ग्रॅनाइटचे आहेत, त्यांना 'लगार' म्हणतात. डोंगर सगळा शिस्टचा, म्हणजे पाटीसारखे पापुद्रे सुटणाऱ्या ठिसूळ दगडाचा. त्यामुळे हौदाचा ग्रॅनाइट बाहेरून आणावा लागला. खुडणीच्या दिवसांत या हौदांत मांडीपर्यंत द्राक्षं भरतात आणि माणसं पायांनी तुडवतात. पहिले दोन तास शिस्तीचे. खांद्यावर हात टाकून रांगा करायच्या, एकाने 'डावा, उजवा' असा पुकारा करायचा आणि पावलापावलाने पुढे सरकायचं. मग शिस्त सुटते, अ‍ॅकॉर्डियन वाजतो आणि त्याच हौदात नाच होतो. पायाखाली मणी फुटतात पण बी फुटत नाही. म्हणून सालीचा रंग आणि चव रसात उतरते, बियांचा कडूपणा मात्र उतरत नाही.

रस आंबायला लागला आणि साखर साधारण अर्ध्यावर आली की त्यात द्राक्षाचंच ७७ टक्के तीव्रतेचं स्पिरिट ओततात. आंबणं जागच्या जागी थांबतं, उरलेली गोडी तशीच राहते. ५५० लिटरच्या पिंपात साधारण ४३५ लिटर रस आणि ११५ लिटर स्पिरिट. झाली पोर्ट.

आज हौद रिकामा आहे. तळाच्या दगडावरचा जांभळा डाग तेवढा धुऊनही गेलेला नाही.

[मळ्याच्या कडेला उभा दगड. कोरलेली अक्षरं, जवळून.]

मळ्याच्या हद्दीवरचा हा दगड त्याच हौदांच्या गोष्टीतला आहे. १७०३ च्या मेथुएन तहाने इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाइनवरची जकात कमी झाली आणि डौरोची वाइन भराभर खपू लागली. मागणी वाढली तशी भेसळही. एल्डरबेरीचा रस घालून फिकी वाइन गडद करण्याची चलाखी सुरू झाली. विश्वास उडाला, भाव कोसळले. लिस्बनचा भूकंप होऊन वर्षही झालं नव्हतं. राजाचा सर्वेसर्वा मंत्री, पुढे ज्याला मार्केस दे पोंबाल म्हणू लागले, त्याने १० सप्टेंबर १७५६ रोजी एक कंपनी स्थापली आणि तिच्या हाती या खोऱ्याचा कारभार दिला. चांगली वाइन कुठल्या जमिनीतून येते ते ठरवून हद्द आखली गेली. हद्दीवर ग्रॅनाइटचे दगड रोवले गेले, सगळे मिळून ३३५. या दगडावर कोरलेला शब्द आहे 'फेइतोरिया', म्हणजे निर्यातीला पात्र वाइनची जमीन. खोऱ्यातली एल्डरबेरीची झाडं उपटून टाकायचा हुकूमही निघाला. हद्द आखून घेतलेल्या जगातल्या सगळ्यांत जुन्या वाइन प्रदेशांत डौरोची गणना होते, ती या दगडांमुळे.

[डोंगराचा पूर्ण उतार. भिंतींच्या ओळी. निवेदन थांबतं.]

आता या रेघा.

आपल्याकडे जिला पौळ म्हणतात तशीच ही भिंत. माती नाही, चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड. या उतारावर मुळात माती फार थोडी. पहारीने शिस्ट फोडायचा, मोठे दगड भिंतीला, बारीक चुरा भिंतीमागे, आणि त्या चुऱ्यातच वेल लावायची. जमीन आधी आणि मळा मग, असं इथे झालंच नाही. भिंत बांधता बांधता जमीन तयार झाली. हे काम करायला स्पेनच्या गालिसियातून मजूर यायचे, हंगामभर राबायचे. त्यांची नावं कुठेही कोरलेली नाहीत.

[कोसळलेली भिंत. दगडांचा ढीग. दोन गवंडी.]

यंदाच्या पावसात घराच्या वरच्या अंगाची ही भिंत बसली. दोन गवंडी चार दिवसांपासून कामाला आहेत, आणि चारही दिवस आम्ही त्यांच्यासोबत होतो.

पहिल्या दिवशी बांधकाम काहीच नाही. पडलेला दगड निवडायचा. तोंडाचे एकीकडे, लांब दगड दुसरीकडे, कपच्यांचा वेगळा ढीग. दुसऱ्या दिवशी पाया. सैल माती काढून पक्क्या खडकापर्यंत जायचं, आणि पायाचे दगड डोंगराकडे किंचित कलते बसवायचे. भिंतही तशीच, पाठीला रेललेली. मग थर. दगड उचलायचा, एकदा फिरवायचा, बसवायचा. बसला नाही तर बाजूला ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा. खालच्या थराचा सांधा वरच्या दगडाने झाकलाच पाहिजे. मधूनमधून एक लांब दगड आडवा आत घालायचा, भिंतीला मागच्या भरावाशी बांधून ठेवायला.

[हात. हातोडीचे दोन ठोके. कपची फटीत बसते.]

हे बघा. दगड डळमळतोय. गवंडी तो अंगठ्याने दाबून पाहतो, ढिगातून नखाएवढी कपची उचलतो, फटीत सरकवतो, हातोडीच्या मागच्या टोकाने दोन ठोके देतो. परत दाबतो. हलत नाही. पुढचा दगड. दिवसभरात असं किती वेळा झालं ते मोजायचं आम्ही दुपारी सोडून दिलं.

भिंतीत सिमेंट का नाही, हे इथल्या कुणालाही विचारा. पाण्याला वाट हवी. माराव डोंगर अटलांटिकचे बरेचसे ढग अडवतो. खोरं कोरडं, उन्हाळा भाजून काढणारा. 'नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक' ही इकडची म्हणच आहे. पण पाऊस येतो तेव्हा या उतारावर तो धावत सुटतो. सिमेंटची भिंत पाणी अडवते, पाणी मागे साठतं आणि शेवटी भिंतीलाच ढकलतं. ही पौळ पाण्याला सांध्यासांध्यातून जाऊ देते आणि माती तेवढी धरून ठेवते.

[जुनी भिंत. भिंतीतली चौकोनी भोकं. दगडी पायऱ्या.]

घराच्या मागच्या भिंती याहून जुन्या. भिंतीच्या अंगातून पुढे आलेले हे सुटे दगड म्हणजे पायऱ्या, एका टप्प्यावरून दुसऱ्यावर चढायला. आणि ही भोकं? त्यांना 'पिल्येइरो' म्हणतात. वेल यांतून लावायचे, भिंतीच्या पोटातून बाहेर काढायचे. वरचा सपाट तुकडा धान्याला मोकळा राही. हातभर जमीनसुद्धा वाया घालवायची नाही, हा विचार भिंतीतच बांधलेला आहे.

[समोरचा डोंगर. झाडोऱ्याने भरलेले ओसाड टप्पे.]

नदीपलीकडे या ओसाड ओळी दिसतात. अमेरिकेतून आलेली फायलोक्सेरा ही कीड १८६० च्या दशकात इथे पोचली. ती वेलीच्या मुळांवर जगते. मळेच्या मळे वाळले. पुढे अमेरिकन खुंटावर कलम करून लागवड परत उभी राहिली, पण हे टप्पे परत कुणी लावले नाहीत. त्यांना नाव पडलं 'मोर्तोरियो', त्यात मरणाचाच शब्द आहे. त्या काळात दोना अंतोनिया फरेरा या विधवा मळेवालीने शेतकऱ्यांचा माल घेतला, माणसांना काम दिलं. १८९६ मध्ये ती गेली, तरी खोऱ्यात तिचं नाव घरातल्या माणसासारखं घेतात.

२००१ मध्ये युनेस्कोने आल्तो डौरोचा, म्हणजे या वरच्या खोऱ्याचा, २४,६०० हेक्टर भूभाग जागतिक वारशात घेतला. गावं मात्र रिकामी होत आहेत, पौळ रचणारे हात कमी उरलेत, आणि पडलेल्या भिंतीच्या जागी यंत्राने कापलेला मातीचा उतार करणं स्वस्त पडतं.

[न्याहारीचं टेबल, पाहुण्यांची वही. मग भिंत.]

या घराच्या मालकीणबाईंनी खोल्यांचं उत्पन्न कुठे जातं ते आम्हाला दाखवलं. हिशोबाच्या वहीत एक पान छपराचं आहे. बाकी सगळी पानं भिंतींची.

[संध्याकाळ. शेवटचा थर. गवंडी हत्यारं गोळा करतात.]

चार दिवसांत भिंत खांद्यापर्यंत आली. वरचा थर सपाट, रुंद दगडांचा. त्याच्यावरून माणसं चालणार आहेत. शेवटचा दगड बसल्यावर दोघांपैकी थोरला त्याच्यावर उभा राहिला, टाचेवर जोर देऊन बघितलं आणि खाली उतरला.

[रात्र. पावसाचा आवाज कौलांवर. खिडकीतल्या दोन दगडी बैठका, रिकाम्या.]

[सकाळ. नव्या भिंतीचा पाया, अगदी जवळून.]

रात्रभर पाऊस झाला. आता भिंतीच्या बुडाशी बघा. सांध्यांतून पाणी झिरपतंय, दोऱ्याएवढ्या धारांनी. पाणी नितळ आहे, त्यात माती नाही.

[पाण्याचा आवाज. निवेदन संपतं.]