खोडकिड्याचा पतंग

(दृश्य : मंगळवेढ्याचं काळं रान, मालदांडी ज्वारी)

ज्वारी गुडघ्याला लागली की शेतकरी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, डोकावतो. उलगडलेल्या पानावर आडवी, एका ओळीत भोकं दिसली की त्याला कळतं, खोडकिडा लागला. पान गुंडाळलेलं असतानाच अळी ते पोखरते, म्हणून उलगडल्यावर भोकांची रांग दिसते. मग ती खोडात शिरते, कोंब आतून खाते आणि पोंगा वाळतो. यालाच पोंगेमर म्हणतात.

अळी सगळ्यांच्या ओळखीची. तिचा पतंग मात्र फार थोड्यांनी निरखून पाहिलाय.

(दृश्य : पानावरचा पतंग, अगदी जवळून)

हा बघा. रंग वाळल्या कडब्याचा. पुढच्या पंखांच्या कडेला काळे ठिपके, मागचे पंख पांढुरके. दिवसा हलत नाही. रात्री मादी पानाच्या पाठीवर चपटी अंडी घालते, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक.

शास्त्रीय नाव कायलो पार्टेलस. ते ठेवलं कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठ जणांत तेही होते. १८८४ मध्ये कराचीच्या पतंगांवर लिहिताना त्यांनी याला क्रॅम्बस झोनेलस म्हटलं, आणि १८८५ मध्ये मुंबई-दख्खनच्या पतंगांवर लिहिताना क्रॅम्बस पार्टेलस. एकाच जिवाला, एकाच माणसाने दिलेली दोन नावं! नियमाने आधीचं टिकायला हवं. पण झेलर या कीटकशास्त्रज्ञांनी १८४७ मध्येच क्रॅम्बस याच प्रजातीतल्या (म्हणजे नावाचा पहिला शब्द ज्यांचा एकच, त्या गटातल्या) दुसऱ्या जातीच्या पतंगाला झोनेलस हे नाव देऊन ठेवलं होतं. त्यामुळे ते बाद झालं, पार्टेलस राहिलं. पुढे हा पतंग कायलो प्रजातीत गेला, म्हणून आज शास्त्रीय नावापुढे स्विन्हो यांचं नाव कंसात छापतात. जुन्या शेतकी पुस्तकांत मात्र झोनेलसच सापडेल.

असाच घोळ आफ्रिकेतही झाला. हा किडा मलावीत पोचला, तेव्हा १९३२ मध्ये तिकडे तो नवीन जात समजून आर्गिरिया ल्यूट्यूलेंटालिस झाला. इथला शेतकरी ज्याच्याशी कधीचा झगडत होता, तोच हा! मला हे फार महत्त्वाचं वाटतं. किडा मूळचा आशियातला, हे ठाऊक असल्यावरच त्याचे शत्रू कुठे शोधायचे ते कळतं. कोटेशिया फ्लॅव्हिपेस ही चिमुकली गांधीलमाशी या अळीच्या अंगात अंडी घालते. ती पाकिस्तानातून नेऊन १९९३ मध्ये केनियात सोडली गेली.

(दृश्य : कडब्याची गंज, शेतातली धसकटं)

काढणीनंतर अळ्या कडब्यात आणि धसकटांत सुप्त पडून राहतात, पाऊस पडला की कोष करून पतंग होतात. तेव्हा धसकटं वेचून नष्ट करा, आणि कडब्याची कुट्टी पावसाआधीच उरका.