ढील

(दृश्य: नागपूर, मे महिना, सकाळ. गच्चीवर हातात लांब काठी, हवेत फिरणारी पिवळी दोरी.)

मे महिन्यात नागपुरात सकाळी आठनंतर कुणी गच्चीवर जात नाही. मी जायचो. शेजारच्या काकूंनी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी विचारलंच, "संक्रांत तं जानेवारीत झाली ना रे?"

पतंग नव्हती ती. मासे पकडायचा फ्लाय रॉड होता. अंबाझरी तलावात आपण गळ टाकतो, तेव्हा शिशाचं वजन दोरीला ओढत नेतं. इथे उलटं. हुकावर दोऱ्याने पीस बांधून केलेल्या खोट्या किड्याला, म्हणजे फ्लायला, वजन जवळपास नसतंच. जाड दोरीच जड असते, तीच त्याला घेऊन जाते.

(दृश्य: हिरवट, फेसाळ पाणी. देवदार.)

दिल्लीपर्यंत रेल्वे, मग रात्रीची बस, औटला उतरून बंजारमार्गे गुशैणी. ही हिमाचलातली तीर्थन नदी. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून उतरते. २०१४पासून तो जागतिक वारसा आहे. मी एकटा. चार दिवस, खिशात मत्स्य विभागाचा परवाना.

ज्या माशासाठी आलो, ती ट्राउट मुळात इथली नाहीच. इंग्रजांनी आपल्या हौसेसाठी ती आणली. काश्मीरमध्ये १९००च्या सुमारास, कुलूच्या खोऱ्यात १९०९मध्ये. तिला थंड, खळाळतं पाणी लागतं. वीस अंशांच्या वर गेलं की ती कासावीस होते. मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तिला दाखवूही नये.

पहिला दिवस कोरडा. दुसऱ्या दिवशी शेवाळलेल्या दगडावरून घसरलो. मी वाचलो, फ्लायची डबी गेली. टोपीला खोचलेल्या तीन तेवढ्या उरल्या.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून दगडाआड थांबते. म्हणून खालून, पाठीमागून जायचं आणि फ्लाय तिच्या पुढे, प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायची. एवढं मला जमत होतं. तरी मासा वर यायचा, बघायचा, वळायचा. कारण मधला वेगवान प्रवाह दोरीला ओढायचा आणि दोरी फ्लायला. पाण्यावर पडलेला खरा किडा कधी असा फरफटत जात नाही.

तिसऱ्या दिवशी, दगडावर बसून पराठा खाताना, लहानपणीची चक्री आठवली. चक्री धरणं माझं काम, पेच लढवणं दादाचं. मांजा ताणला की तो ओरडायचा, "खेचू नको बे, ढील दे!"

दिली. रॉडचं टोक उचलून दोरीचा सैल वळसा प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकला. तो वळसा वाहून सरळ होईपर्यंत चार-पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात फ्लाय सुटी, आपल्या चालीने वाहिली. दगडापाशी पाणी नुसतं फुगलं.

ओ काट! खरंच ओरडलो. ऐकायला कुणी नव्हतं, ते बरं झालं.

(दृश्य: पाण्यात ओला हात, त्यावर मासा.)

ब्राउन ट्राउट. वीतभर. पिवळट कूस, लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. हात आधी ओला करायचा, नाहीतर तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. हूक काढला, तोंड प्रवाहाकडे केलं. कल्ले दोन-तीनदा हलले आणि हात रिकामा.

संध्याकाळी गावात रेंज आली. आईला फोन लावला, सगळं सांगितलं.

"मंग आणली काय?"

"सोडली."

जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "सोडून द्याले एवढ्या दूर गेलता काय रे?"